यकृताची साक्ष

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'विज्ञानातल्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. संधींबद्दल शेवटी पाच मिनिटं नक्की बोलेन. त्याआधी मी कोणतं काम शिकले आणि ते का धरलं, हे सांगते. काम आहे एनएमआरचं, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूंचं बोलणं ऐकण्याचं. आणि ते धरण्याचं कारण आहेत माझे मामू.

मामू शिंपी होते. तालुक्याच्या गावात त्यांचं छोटं दुकान होतं. अंगाने अगदी काडी. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी पँट ढिली राहायची. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. वरातीत कोणी पिऊन नाचायला लागलं की मामू उठून घरी जायचे. पंचेचाळिशीत त्यांना मधुमेह निघाला. पुढे चार-पाच वर्षांनी पाय सुजले, पोटात पाणी झालं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली. यकृत आक्रसून गेलं होतं. सिरॉसिस. डॉक्टरांनी भरल्या वॉर्डात पहिला प्रश्न विचारला, "किती पिता?" मामू म्हणाले, "पीत नाही, साहेब." डॉक्टर लिहिता लिहिता मामींकडे बघून म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

हे वाक्य आमच्या आधी गावात पोचलं. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या होत्या, पण त्या कागदाकडे कोण बघतो? शेवटच्या महिन्यांत मामू अडखळत बोलायचे, दिवसा झोपायचे, हात थरथरायचे, कधी कधी घरातल्यांनाही ओळखायचे नाहीत. लोकांना आणखी काय पुरावा हवा होता! त्यांच्या मोठ्या मुलीचा ठरलेला रिश्ता मोडला. मामू वर्षभरात गेले. कुजबुज मात्र राहिली.

मी तेव्हा एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसला: माणसाचं कोणी ऐकत नसेल, तर त्याच्या यकृतालाच विचारता येईल का?

मुकं यकृत

कलेजी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आपलं यकृत तसंच, फक्त मोठं; सुमारे दीड किलोचं. आतड्यातून येणारं जवळपास सगळं रक्त आधी त्याच्याकडे जातं. साखर साठवणं, चरबीची उलाढाल, पित्त तयार करणं, रक्तातली प्रथिनं बनवणं, औषधांची आणि विषांची वासलात लावणं, अमोनियासारख्या घातक पदार्थाचा युरिया करणं, अशी शेकडो कामं ते करतं. आणि तक्रार करत नाही. बराच भाग निकामी होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. कावीळ किंवा पोटात पाणी दिसतं तेव्हा बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो.

डॉक्टरांकडे साधनं आहेत. रक्ततपासणीत एसजीपीटी बघतात. पेशी फुटल्या की हा पदार्थ रक्तात सांडतो. सोनोग्राफीत यकृताचा आकार दिसतो, चरबी जास्त असेल तर तीही दिसते. बायोप्सीत सुईने छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण पेशीच्या आत रसायनांची काय घडामोड चालली आहे, हे यातून थेट कळत नाही. तिथे एनएमआर उपयोगी पडतं.

रेणू कसे बोलतात

तुम्ही एमआरआय हे नाव ऐकलं असेल. एनएमआर हे त्याचं मूळ. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र, म्हणजे प्रोटॉन, एका चिमुकल्या चुंबकासारखं वागतं. त्याला मोठ्या चुंबकात ठेवलं की ते ठरावीक वेगाने डोलायला लागतं. नेमक्या त्याच वेगाच्या रेडिओ लहरी सोडल्या तर ते ऊर्जा घेतं. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, अवेळी दिला तर नाही, तसंच. धक्का थांबला की ते केंद्र बारीकसा रेडिओ संदेश परत देतं. तो आपण टिपतो. 1946 मध्ये फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत दोन वेगवेगळ्या विद्यापीठांत ही गोष्ट दाखवली. 1952 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. प्रोटॉनचा डोलण्याचा वेग त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. भोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला थोडासा आडोसा देतात. कार्बनला जोडलेला हायड्रोजन वेगळ्या सुरात बोलतो, ऑक्सिजनला जोडलेला वेगळ्या. म्हणून एकाच रेणूतून अनेक सूर निघतात आणि आलेखावर त्यांचे वेगवेगळे सुळके दिसतात. सुळक्याची जागा सांगते हा कोण, आणि सुळक्याचं क्षेत्रफळ सांगतं तो किती. 1951 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी एका रेणूचे असे तीन वेगळे सुळके दाखवले, तीनास दोनास एक या प्रमाणात. यातले डॉ. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं.

आणि तो रेणू कोणता होता, माहीत आहे? इथाइल अल्कोहोल. दारूतला. माझी आणि त्याची गाठ पुढे पडणारच होती.

आमच्या प्रयोगशाळेतला चुंबक 14.1 टेस्लाचा होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीन लाख पट. त्याची तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये बुडालेली असते, उणे 269 अंश सेल्सिअसला. खोलीत शिरताना मोबाइल, एटीएम कार्ड, किल्ल्या बाहेर ठेवायच्या. कोणाच्या हृदयात पेसमेकर असेल तर त्याने आत यायचंच नाही. एवढा दांडगा चुंबक कशासाठी? कारण संदेश फार क्षीण असतो. प्रोटॉन चुंबकाच्या दिशेने किंवा उलट दिशेने उभे राहतात, आणि जवळजवळ निम्मे निम्मे. 14.1 टेस्लामध्येसुद्धा दहा लाख प्रोटॉनांमागे एका बाजूला जेमतेम पन्नास जास्त असतात. आपल्याला ऐकू येतो तो या पन्नासांचाच आवाज.

त्यात पाण्याचा गोंगाट. रक्तातल्या व्हॅलीन नावाच्या अमिनो आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे अडीच लाखांच्या आसपास रेणू असतात. म्हणून आधी पाण्याचा सुळका दाबावा लागतो. रक्तातल्या मोठ्या प्रथिनांचे पसरट उंचवटेही बाजूला काढावे लागतात. मग तळाशी बारीक सुळक्यांची रांग दिसते: ग्लुकोज, लॅक्टेट, अलानिन, व्हॅलीन, टायरोसिन. पेन्सिलीएवढ्या लांबीच्या, त्याहून बारीक काचेच्या नळीत अर्धा मिलिलिटर रक्तद्रव. काही मिनिटांत त्यातले कितीतरी पदार्थ एकदम मोजता येतात, आणि नमुना खराबही होत नाही.

मामू अडखळत का बोलत होते

सिरॉसिसच्या रुग्णाचा असा आलेख निरोगी माणसाच्या आलेखाशेजारी ठेवला की काही फरक डोळ्यांना दिसतात. व्हॅलीन, ल्युसिन, आयसोल्युसिन यांचे सुळके खुजे होतात. टायरोसिन आणि फिनाइलअलानिन यांचे वाढतात. याचं कारण सरळ आहे. टायरोसिन आणि फिनाइलअलानिन यांची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावतं. तेच थकलं, की ते रक्तात साचतात. व्हॅलीन आणि त्याची दोन भावंडं मात्र स्नायूंमध्ये वापरली जातात, आणि यकृत थकल्यावर जास्तच वापरली जातात, कारण अमोनिया आवरण्याचं काम आता स्नायूंच्या अंगावर पडतं.

यकृत अमोनियाचा युरिया करेनासं झालं, की तो अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूतल्या काही पेशी त्याला ग्लुटामिनमध्ये बांधून टाकतात. 1990 च्या दशकापासून जिवंत रुग्णाच्या मेंदूत याच तंत्राने ग्लुटामिनचा सुळका वाढलेला आणि मायो-इनॉसिटॉलचा घटलेला पाहता येतो. आणि रुग्णात काय दिसतं? जीभ अडखळते, दिवसा झोप, रात्री जाग, हातांना कंप, माणसं ओळखू न येणं. या अवस्थेला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

हे मी पहिल्यांदा पुस्तकात वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. गावाने ज्याला दारूची धुंदी म्हटलं होतं, तो अमोनिया होता.

माझ्याही रक्तात दारू

आता माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या वर्षी मी यकृताच्या रुग्णांचे रक्तनमुने तपासत होते. एका रुग्णाच्या कागदावर लिहिलं होतं: मद्यपान नाही. आलेखावर 1.18 पीपीएमला तीन फण्यांचा सुळका आणि 3.65 ला चार फण्यांचा. आमच्या शाखेत ही जोडी शाळकरी पोरालाही ओळखू येते. इथाइल अल्कोहोल. मी वहीत लिहिलं, "रुग्ण खोटं बोलतो." जो शिक्का त्या डॉक्टरांनी मामूंवर मारला होता, तोच मी एका अनोळखी माणसावर मारला. फरक इतकाच, की माझ्याकडे कोट्यवधींचं यंत्र होतं.

मॅडमनी वही बघितली. रागावल्या नाहीत. विचारलं, "सुई टोचण्याआधी कातडीला काय लावतात?" मी गप्प. "त्या दिवशीचे बाकीचे नमुने लाव."

लावले. सगळ्यांत तोच सुळका. निरोगी माणसांच्या गटातसुद्धा. त्या दिवशी निरोगी गटात एक नमुना कमी पडत होता म्हणून मीच हात पुढे केला होता. त्या नळीत माझं रक्त होतं, आणि माझ्याही रक्तात दारू होती! कापसाच्या बोळ्यावरचं स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली गेली होती, एवढंच.

सुळका खोटं बोलत नव्हता. नळीत अल्कोहोल होतंच. ते तिथे कुठून आलं, हे सुळका सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक सुळक्याकडे साक्षीदार म्हणून बघते. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते, त्याच्या पहिल्या वाक्यावर निकाल द्यायचा नसतो.

अशी फसगत अनेक प्रकारे होते. आदल्या रात्री बांगडा खाल्ला असेल तर सकाळच्या लघवीत टीएमएओ नावाच्या पदार्थाचा सुळका ताडासारखा वाढतो. समुद्रातल्या माशांत तो मुळातच भरपूर असतो. कोकणातल्या निरोगी माणसाची तुलना मासे न खाणाऱ्या रुग्णाशी केली, तर जेवणातला फरक रोगाचा फरक म्हणून छापला जाईल. डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या पॅरासिटामॉलचे अंशही लघवीच्या आलेखात स्पष्ट दिसतात. 1984 मध्येच लंडनमधल्या संशोधकांनी ते मोजून दाखवले होते.

पॅरासिटामॉलवरून एक सांगते. नेमून दिलेल्या प्रमाणात ते चांगलं औषध आहे. पण मोठ्या माणसाने दिवसाला 4 ग्रॅमच्या वर गेलं, की यकृताला धोका सुरू होतो. यकृत आधीच आजारी असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याही आधी. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते असतंच, त्यामुळे दोन वेगळी पाकिटं घेतली की नकळत बेरीज होते. 2006 मध्ये 'नेचर' नियतकालिकात उंदरांवरचा एक अभ्यास आला. औषध देण्याआधीच घेतलेल्या लघवीच्या एनएमआर आलेखावरून, कोणत्या उंदराच्या यकृताला जास्त इजा होईल याचा काही अंदाज बांधता येत होता. 2009 मध्ये माणसांवरच्या अभ्यासात दिसलं, की आतड्यातले जिवाणू बनवत असलेला एक पदार्थ ज्यांच्यात जास्त, त्यांचं शरीर पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेने बाहेर टाकतं. एकच गोळी दोघांना एकसारखी लागू होत नाही, याचं एक कारण असं प्रयोगशाळेत सापडलं.

पोटावरून ऐकताना

हेच तंत्र एमआरआयच्या यंत्रात, माणसाला सुई न टोचता यकृतावरही वापरता येतं. पण तिथे चुंबक कमी ताकदीचा, माणूस श्वास घेतोय, पोट हलतंय. आवाज अस्पष्ट येतो. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या गटाने 1990 च्या दशकात फॉस्फरसच्या केंद्राचा वापर करून सिरॉसिसच्या रुग्णांची यकृतं ऐकली. एक सुळका वाढलेला होता, एक घटलेला. पण प्रत्येक सुळका म्हणजे अनेक पदार्थांची खिचडी. मग प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या आजारी यकृताचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये लगेच गोठवून, त्यांचा अर्क काढून प्रयोगशाळेतल्या मोठ्या चुंबकात तपासले. तेव्हा खिचडीतले दाणे वेगळे झाले: पेशींचं आवरण बांधायला लागणारा कच्चा माल वाढला होता आणि आवरण मोडल्यावर उरणारा माल घटला होता. जिवंत माणसावरचं मोजमाप आणि प्रयोगशाळेतलं मोजमाप एकमेकांना असं तपासून घेतात. एकटा साक्षीदार पुरत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1991 मध्ये कार्बनच्या केंद्राचा वापर करून उपाशी माणसाच्या यकृतातला ग्लायकोजेनचा साठा तासागणिक मोजला गेला. पहिल्या दिवसभरात तो हळूहळू उतरत जातो आणि शरीर दुसरीकडून नवी साखर बनवत राहतं. निरोगी माणसाचा रोजा या साठ्यावर आरामात निभावतो. सिरॉसिसमध्ये मात्र हा साठाच तुटपुंजा असतो. रात्रभर उपाशी राहिलेल्या अशा रुग्णाचं शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या निरोगी माणसासारखं वागतं, स्वतःचे स्नायू खायला लागतं. आमच्या मामूंनी पोटात पाणी असताना रोजे धरण्याचा हट्ट केला होता. घरात असा रुग्ण असेल तर रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोला, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काडीसारख्या माणसाची चरबी

या तंत्राने सगळ्यात ठाम उत्तर दिलं ते यकृतातल्या चरबीबद्दल. पाण्याचा सुळका 4.7 ला, चरबीचा 1.3 ला. दोघांची तुलना केली की यकृतात किती टक्के चरबी आहे ते कळतं. अमेरिकेत डॅलस शहरात दोन हजारांहून जास्त सर्वसामान्य लोकांची अशी मोजणी झाली. निष्कर्ष 2004 आणि 2005 मध्ये आले. साधारण 5.6 टक्क्यांपर्यंत चरबी ही निरोगी मर्यादा ठरली. जवळपास एक तृतीयांश लोक तिच्या वर होते. आणि ज्यांच्या यकृतात चरबी होती, त्यातल्या 79 टक्के लोकांची एसजीपीटीसारखी तपासणी नॉर्मल होती. म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'यकृत ठीक' असा होईलच असं नाही.

2006 मध्ये येलच्याच संशोधकांनी तरुण, सडपातळ, तंबाखू न ओढणाऱ्या पुरुषांचे वेगवेगळ्या वंशांचे गट घेतले. भारतीय वंशाच्या सडपातळ तरुणांच्या यकृतात गोऱ्या सडपातळ तरुणांपेक्षा सुमारे दुप्पट चरबी निघाली, आणि इन्सुलिन नीट न चालण्याचं प्रमाण दुप्पट-तिप्पट. वजनकाट्यावर सगळे सारखेच. आपल्याकडे चरबी कातडीखाली दिसण्याआधी पोटात आणि यकृतात जाऊन बसते. काडीसारख्या शिंप्याचं यकृत चरबीने, मधुमेहाने, सूज येऊन, वर्षानुवर्षं व्रण धरत आक्रसू शकतं. मामूंचं नेमकं तसंच झालं का? आता सिद्ध करता येणार नाही. सिरॉसिस पुढे गेलं की ती चरबीसुद्धा नाहीशी होऊ शकते. साक्षीदार निघून गेलेला असतो. पण 'सिरॉसिस म्हणजे दारूच' हे म्हणणं खोटं आहे, एवढं नक्की सिद्ध झालं आहे.

खरं तर वैद्यकाला हे बऱ्याच आधी ठाऊक झालं होतं. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि सहकाऱ्यांनी 20 रुग्णांची माहिती छापली. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत दारुड्याचं वाटावं असं, पण रुग्ण दारू पिणारे नव्हते. तेव्हा आजाराच्या नावातच 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द आला. चाळीसहून जास्त वर्षं न पिणाऱ्याच्या कागदावर दारूचं नाव लिहिलं जात राहिलं. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते नाव बदललं. आता एमएएसएलडी म्हणतात, म्हणजे शरीरातल्या साखर-चरबीच्या बिघाडाशी निगडित यकृताचा आजार. नाव बदलण्यामागे रुग्णांची बदनामी हेही एक उघड सांगितलेलं कारण होतं.

आणि पीत असते तर?

इथे थांबून स्वतःलाच एक प्रश्न विचारू. मामू पीत असते तर? तर त्यांना कमी दुखलं असतं का? मोठ्या मुलीचा रिश्ता मोडणं मग बरोबर ठरलं असतं का? मी बरीच वर्षं मामूंचं निर्दोषत्व सिद्ध करायच्या मागे होते. त्यात माझ्याही मनात एक खोट होती: जणू पिणाऱ्याचं यकृत सडलं तर ते योग्यच. आपल्या मोहल्ल्यांत पिणारी माणसं नाहीत, असं कोणी समजू नये. आहेत. आपल्याकडे त्यांना दुहेरी लपावं लागतं, म्हणून ती डॉक्टरांकडे सगळ्यात उशिरा पोचतात. दारू सोडली की यकृत बऱ्याच अंशी सावरू शकतं, पण त्यासाठी आधी खरं सांगायची सोय हवी. जिथे खरं बोलणाऱ्याला शिक्षा होते, तिथे डॉक्टरला खोटी माहिती मिळते आणि उपचार चुकतात.

आता तुमच्या उपयोगाचं. हे यंत्र आज मुख्यतः संशोधनाचं आहे. नेहमीच्या तपासणीसाठी त्याच्या मागे लागू नका. कोणी महागडी 'मेटाबॉलिक' तपासणी किंवा 'लिव्हर डिटॉक्स'ची बाटली विकत असेल तर विचारा, पुरावा काय? यकृताला धुऊन काढणारा काढा कोणत्याही सुळक्यात दिसलेला नाही. उलट काही जडीबुटींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कंबर मोजा: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर असेल तर सावध व्हा, वजन कितीही असो. घरात मधुमेह असेल तर साखर तपासा. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना यकृताबद्दल आवर्जून विचारावं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून व्रणांचा धोका मोजण्याचं साधं गणित आहे, त्याला वेगळा खर्च नाही. जास्त वजन 5 टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. 7 ते 10 टक्के उतरलं तर सूजही. नियमित व्यायामाने वजन न घटताही फायदा होतो. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या.

आणि संधींबद्दल, कबूल केल्याप्रमाणे. एनएमआरसाठी परदेशीच जावं लागतं असं नाही. मुंबईत टीआयएफआर आहे, आयआयटी आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहे. लखनौला सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्चमध्ये माणसाच्या पित्तरसावर या तंत्राने काम झालं आहे. बीएस्सीला केमिस्ट्री किंवा फिजिक्स घ्या, गणिताला घाबरू नका, जॅम आणि नेट या परीक्षांची माहिती आजच काढा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका, माझंही होतं. घरी समजावून सांगायला कोणी हवं असेल तर मला बोलवा, मी येईन.

मागच्या वर्षी मी मामींना येलच्या त्या अभ्यासाबद्दल मराठीत सगळं सांगितलं. सडपातळ माणसं, दुप्पट चरबी, अमोनिया, अडखळणारी जीभ. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बेटा, मला हे माहीतच होतं. तू हे बाहेर सांग."

म्हणून आज सांगितलं.